धरण फुटलं तर पाणी आपल्याकडे किती वेळात येईल?



सातवीच्या वर्गात ‘धरणाचे फायदे सांगा’ म्हटलं की हात भराभर वर होतात. शेतीला पाणी, पिण्याला पाणी, वीज, मासेमारी, पर्यटन. पाच मुद्दे, पाच गुण. गेल्या पावसाळ्यात हा तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, आपल्या वरच्या अंगाला धरण आहे ना, ते फुटलं तर पाणी शाळेत किती वेळात येईल?”

मला उत्तर आलं नाही. “तसं काही होत नसतं, बस खाली,” असं म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. हा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

आधी एक फरक समजून घेऊ

पावसाळ्यात आपण बातमी ऐकतो, ‘धरणातून अमुक हजार क्युसेक विसर्ग सुरू.’ मुलांना क्युसेक हा शब्द पाठ असतो, अर्थ माहीत नसतो. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर पाणी. म्हणजे दोन घागरी धरा. विसर्ग हा माणसाने ठरवून, दरवाजे उघडून किंवा सांडव्यावरून जाऊ दिलेला असतो. नदीला पूर येतो, पण धरण जागेवर असतं. धरण फुटणं ही वेगळीच गोष्ट. तिथे साठलेलं पाणी एकदम सुटतं आणि ते कोणाच्या हातात राहत नाही. पालकांनी हा फरक नीट समजून घ्यावा, कारण दर पावसाळ्यात विसर्गाच्या बातमीवरून ‘धरण फुटलं’ अशी अफवा मोबाइलवर फिरते.

धरण फुटतं कसं?

आपल्याकडची बहुतेक धरणं मातीची आहेत. मध्ये चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंना मुरमाड भराव, पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर. अशा धरणाचे शत्रू मुख्यतः दोन.

पहिला, माथ्यावरून वाहणारं पाणी. दगडी किंवा काँक्रीटचं धरण हे थोडं तरी सोसतं, मातीचं सोसत नाही. माती खरवडत जाते आणि थोड्याच वेळात खिंड पडते. गुजरातेत 11 ऑगस्ट 1979 रोजी मच्छू-2 धरणाचं हेच झालं. सांडवा जितक्या पुरासाठी बांधला होता, त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आलं. मधला दगडी भाग उभा राहिला, दोन्ही बाजूंचा मातीचा भराव वाहून गेला आणि खालचं मोरबी शहर बुडालं.

दुसरा शत्रू आतला, म्हणजे झिरप. थोडी झिरप प्रत्येक मातीच्या धरणातून होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाणी स्वच्छ आहे तोवर ठीक. ते गढूळ येऊ लागलं, तर ते आतली माती घेऊन बाहेर पडतंय असं समजायचं. भरावावर वाढलेली झाडं, त्यांची कुजलेली मुळं, उंदीर-घुशींची बिळं या वाटांनी पाणी पुढे सरकतं. या वर्गातल्या मुलांना धरणाबद्दल एकच वाक्य पाठ करायला सांगायचं असेल, तर मी हे सांगेन : स्वच्छ झिरप पाहून ठेवा, गढूळ झिरप दिसली तर धावत जाऊन सांगा.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं. भेंदवाडीतली घरं वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी बिळं पाडल्यामुळे धरण फुटलं, असं एक विधान तेव्हा खूप गाजलं. मुलं अजूनही हसून ते विचारतात. त्यांना एवढंच सांगावं, की बिळं धरणाला धोका देतात हे खरंच आहे, आणि म्हणून तर धरणाची दरवर्षी पाहणी करायची असते.

पानशेत : आजीकडून ऐकलेली गोष्ट आणि तिच्यातलं शास्त्र

पुण्यातल्या जुन्या घरांत ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ अशी कालगणना असते. 12 जुलै 1961. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं पूर्ण झालेलं नव्हतं. पाणी सोडण्याच्या विमोचकाचं काम अर्धवट होतं, तरी पावसाळ्यात पाणी साठत गेलं. अर्धवट विमोचकातून जोराने पाणी जाऊ लागलं, हादरे बसले आणि त्याच्या वरचा भराव खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटलं.

ते पाणी खालच्या खडकवासला धरणात आलं. एकोणिसाव्या शतकातलं ते दगडी धरण. त्याने काही तास लोंढा थोपवला, मग तेही फुटलं. दुपारी मुठेकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. पुढे गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या.

यातून मुलांना दोन गोष्टी शिकवता येतात. एक, नदीवरची धरणं माळेसारखी असतात. वरचं गेलं की खालच्यावर भार येतो. म्हणून ‘आपल्या वर कोणतं धरण’ एवढंच विचारून भागत नाही, ‘त्याच्याही वर कोणतं’ हेही विचारावं लागतं. दुसरी, पोती रचणाऱ्या जवानांमुळे धरण वाचलं नाही, पण वेळ मिळाला. ऐन अंधारात न येता लोंढा दिवसा आला. अशा संकटात माणसं वाचतात ती मिळालेल्या तासांमुळे.

वय झालेली बांधकामं

देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. त्याखेरीज 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून झालेले असंख्य पाझर तलाव. त्यांची आता पन्नाशी उलटली.

म्हातारपण सगळीकडे एकदम दिसत नाही. 10 ऑगस्ट 2024 च्या रात्री तुंगभद्रा धरणाचा 19 क्रमांकाचा दरवाजा वाहून गेला. सत्तर वर्षांचं दगडी काम शाबूत होतं, तुटली ती दरवाज्याची साखळी. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन कमानींचा पूल पुरात गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत पडल्या.

पण जुनं म्हणजे धोक्याचं, असंही मुलांच्या मनात भरवू नका. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणाला तडे गेले. ते बुजवले, धरणाला मागून आधार दिला, आणि ते आजही उभं आहे. वयापेक्षा निगा महत्त्वाची.

2021 चा धरण सुरक्षा कायदा हेच सांगतो. 15 मीटरपेक्षा उंच धरणांची, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काही धरणांची, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, आणीबाणीचा कृती आराखडा तयार ठेवायचा. आपल्या गावामागचा छोटा पाझर तलाव मात्र बहुधा या मापात बसत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवणारे डोळे गावाचेच.

वर्गात काय करता येईल?

1. नकाशावर नदी शोधा. त्यावर दोरा वळणावळणाने ठेवून धरण ते शाळा अंतर मोजा. सरळ पट्टीने मोजू नका, पाणी नदीच्या वाटेने येतं.
2. आजी-आजोबांना विचारून मोठ्या पुराच्या खुणा शोधा.
3. गावातली उंच जागा आणि तिथे जायची पायवाट चालून बघा. वाटेत ओढा लागतो का, हेही बघा.
4. पाटबंधारे कार्यालयाला पत्र लिहा : धरणाचा आणीबाणी आराखडा आहे का, भोंगा कुठे वाजतो, निरोप गावात कोणाला येतो?
5. 112 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवा.

आम्ही हे केलं. दोऱ्याने अंतर निघालं 23 किलोमीटर. पुराची जुनी खूण मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर सापडली. गवंड्याकडून पाण्याची नळी आणून मुलांनी ती पातळी शाळेपर्यंत आणली, तेव्हा ती व्हरांड्यात माझ्या कमरेइतकी आली. आणि गावाच्या यादीत पुरावेळचा निवारा म्हणून नाव आहे आमच्याच शाळेचं.

ही खूण साध्या पुराची, धरण फुटण्याची नव्हे. मुलांनी ग्रामपंचायतीला पत्र दिलं, माळावरच्या समाजमंदिराचं नाव सुचवलं. विषय ग्रामसभेत निघाला, यादी अजून बदललेली नाही. पण निरोप आला तर शाळेत थांबायचं नाही, माळाची वाट धरायची, हे आता पहिलीच्या मुलालाही माहीत आहे.

आणि त्या मुलीचा प्रश्न? नेमके तास सांगायला आराखडा लागतो. त्यासाठीचं पत्र तिनेच लिहिलंय, सुंदर अक्षरात. उत्तराची वाट बघतोय. तुमच्या नदीच्या वरच्या अंगाला कोणतं धरण आहे, ते या आठवड्यात मुलांना घेऊन एकदा शोधाच.