मशीनच्या दारात मराठी: टर्मिनलवर लॉगिन होताना काय काय ठरतं

समजा, तुम्ही बहरीनमध्ये, मनामातल्या उम्म अल हस्सममध्ये राहता. रात्रीचे नऊ वाजलेत. महिन्याच्या भाड्यावर घेतलेल्या छोट्या लिनक्स सर्व्हरवर तुम्ही लॉगिन करता. घरच्या जुन्या कागदांचे फोटो तिथे ठेवलेत आणि फाइलींना छान मराठी नावं दिलीत: ‘आजोबांचं पत्र’, ‘आजीची पुरणपोळी’. यादी मागवता, तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं, नाहीतर उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे. मराठीत काही टाइप करून एक अक्षर खोडायला जाता, तर पुसलं जातं अर्धवटच काहीतरी. आणि तारीख-वेळ विचारली, तर सर्व्हर म्हणतो संध्याकाळचे सहा.

तीन वेगळ्या कटकटी वाटतात ना? तिन्हींचं मूळ एकच आहे. लॉगिन होताना तुम्ही कोण हे मशीनला कळलं, पण तुम्ही कुठे आहात, कुठली लिपी वापरता, कुठलं घड्याळ पाळता हे कुणी त्याला सांगितलंच नाही. न सांगितलेल्या गोष्टी मशीन स्वतःच गृहीत धरतं. आणि त्याची गृहीतकं मराठी माणूस डोळ्यांपुढे ठेवून केलेली नाहीत.

आधी एक महत्त्वाची गोष्ट: घाबरून त्या फाइलींची नावं रोमनमध्ये बदलू नका. लिनक्सच्या दृष्टीने फाइलचं नाव म्हणजे नुसती बाइटांची रांग असते. ती रांग जशीच्या तशी शाबूत आहे. बिघडलंय ते फक्त दाखवणं. असे कितीतरी संग्रह ‘आजी१’, ‘आजी२’ होऊन बसतात, आणि मग कुठल्या फोटोत काय आहे ते सांगणारं घरात कुणी उरत नाही.

दारावर कोण बसलेलं असतं?

युनिक्सचा जन्म १९६९ साली बेल लॅब्समध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची तेव्हा टेलिटाइपवर आज्ञा टाइप करायचे, म्हणजे तारेने जोडलेल्या टाइपरायटरवर. त्याचंच लघुरूप ‘टीटीवाय’ आजही तुमच्या लॅपटॉपमध्ये जिवंत आहे. प्रत्येक टर्मिनल खिडकीला सिस्टिम टीटीवायच समजते.

या टीटीवायवर तीन जण एकामागून एक काम करतात. पहिला ‘गेटी’. तो तार उघडतो, सेटिंग लावतो आणि नाव विचारतो. दुसरा ‘लॉगिन’. तो पासवर्ड तपासतो. तिसरा ‘शेल’, म्हणजे तुमच्या आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम. तुम्ही दुरून एसएसएच वापरून आत शिरलात, तर पहिल्या दोघांचं काम एसएसएचचा सर्व्हर करतो. पण क्रम तोच: आधी तार, मग ओळख, मग शेल.

त्या जुन्या गेटीची एक गंमत ऐका. टेलिटाइप मॉडेल ३३ या मशीनवर फक्त कॅपिटल अक्षरं होती. म्हणून तुम्ही आपलं नाव सगळं कॅपिटलमध्ये टाइप केलंत, की गेटी ठरवून टाकायचा की या माणसाच्या मशीनवर लहान अक्षरंच नसणार. मग तुम्ही टाइप केलेलं सगळं तो लहान अक्षरांत बदलून पुढे पाठवायचा. म्हणजे नाव कसं लिहिलंत यावरून तुमच्या लिपीबद्दल अंदाज! ही तपासणी आजच्या लिनक्समधल्या ‘ए-गेटी’तही पर्याय म्हणून शिल्लक आहे.

‘कमळ’चं काय झालं असतं?

आता पुण्यात येऊया, कारण या दारातून देवनागरी आत नेण्याचं मोठं काम तिथे झालं. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘जिस्ट’ हे तंत्रज्ञान तयार झालं. मोहन तांबे हे त्यातलं प्रमुख नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्टचं काम तिकडे आलं. त्यातूनच जिस्ट टर्मिनल आलं. त्याची युक्ती अशी, की जोडाक्षरं जुळवायचं काम टर्मिनल स्वतः करायचं. पलीकडच्या युनिक्स मशीनला देवनागरी कळायची गरजच नव्हती. त्याने फक्त बाइट इकडून तिकडे नीट पोचवायचे.

पण ‘नीट’ हाच शब्द अवघड निघतो. जिस्टच्या मागे ‘इस्की’ ही संकेतप्रणाली होती, जी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात इंग्रजी अक्षरं जुन्याच जागी होती आणि भारतीय अक्षरं वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे ज्यांचा आठवा बिट चालू असतो अशा जागांवर. युनिक्सच्या तारा मात्र टेलिटाइपच्या काळापासून सात बिटांवर पोसलेल्या. आठवा बिट कधी चुका तपासायला वापरला जायचा, कधी सरळ कापून टाकला जायचा.

म्हणजे समजा तुम्ही ‘कमळ’ पाठवलंत आणि तारेने आठवा बिट कापला. इस्कीतल्या ‘क’चा आठवा बिट गेला की उरतो इंग्रजी आकडा तीन. ‘म’चा होतो कॅपिटल एल, ‘ळ’चा कॅपिटल आर. तुमचं कमळ पलीकडे ‘तीन-एल-आर’ होऊन उमलतं!

यावर उपाय म्हणजे टर्मिनलची एक सेटिंग: आठही बिट जाऊ दे, काही कापू नकोस. ‘एस-टी-टी-वाय’ नावाच्या आज्ञेने ती लावता येते. (इथे आम्ही आज्ञा आणि फाइलींची नावं पॉडकास्टमध्ये म्हणतो तशीच लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्ये करा. आज्ञा आणि फाइली लहान अक्षरांत, पुढे येणाऱ्या लँगसारख्या चलांची नावं कॅपिटलमध्ये.)

आज काय बदललं, काय नाही

आज इस्कीची जागा युनिकोडने घेतली आहे आणि युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘की’ म्हणजे क आणि दीर्घ वेलांटी, दोन चिन्हं, सहा बाइट.

आता ते अर्धवट पुसणं बघा. सिस्टिमला यूटीएफ-८ चालू आहे हे माहीत नसेल, तर ती बॅकस्पेसला एकच बाइट खोडते. तिनातला एक गेला, दोन लोंबकळत राहिले. लिनक्समध्ये यासाठी ‘आय-यू-टी-एफ-८’ नावाची सेटिंग आहे. एस-टी-टी-वाय पुढे वजा चिन्ह आणि ‘ए’ लिहून चालवा, सगळ्या सेटिंगची यादी येईल. त्यात या नावाच्या आधी वजा चिन्ह दिसलं तर ती बंद आहे. तेच नाव वजाशिवाय एस-टी-टी-वायला दिलं की चालू होते.

एक मर्यादा मात्र सेटिंगने सुटत नाही. खिडक्या-बिडक्या नसलेल्या लिनक्सच्या मूळ काळ्या पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं जुळवायची सोयच नाही. म्हणून पासवर्ड मराठीत ठेवू नका. एखाद्या दिवशी त्याच पडद्यावर तो टाइप करायची वेळ आली, तर अडकाल. रोजच्या कामाला कॉन्सोल किंवा एमएलटर्म यांसारखं टर्मिनल वापरून बघा. एमएलटर्मला तर इस्कीसुद्धा समजते.

मशीनला सांगायच्या तीन गोष्टी

लिपी आणि भाषा. हे सांगणाऱ्या चलाचं नाव ‘लँग’. त्याच्या हाताखाली ‘एलसी’ने सुरू होणारे बरेच चल आहेत: अक्षरांसाठी ‘एलसी-सीटाइप’, तारखांसाठी ‘एलसी-टाइम’, संदेशांसाठी ‘एलसी-मेसेजेस’. मराठीचं नाव आहे ‘एमआर, खालची रेघ, आयएन, टिंब, यूटीएफ-८’. यातलं ‘आयएन’ कॅपिटलमध्ये.

सगळं मराठी करायलाच हवं असं नाही. आमचा सल्ला: संदेश इंग्रजीत राहू द्या, म्हणजे एरर आली की ती जशीच्या तशी शोधता येते. एलसी-टाइम मराठी करा, म्हणजे वार आणि महिने मराठीत दिसतील. आणि अक्षरांसाठी कुठलंही चालेल, फक्त शेवटी यूटीएफ-८ हवंच. ‘एलसी-ऑल’ मात्र कायमचं लावू नका. ते बाकी सगळ्यांवर कुरघोडी करतं.

सुरुवातीची प्रश्नचिन्हं बहुतेकदा येतात ती अशी. बऱ्याच सिस्टिमवर एसएसएच तुमच्या लॅपटॉपची लँग सोबत पाठवतं. पण ती भाषा सर्व्हरवर तयार केलेलीच नसते. मग सर्व्हर गुपचूप ‘सी’ नावाच्या सगळ्यात जुन्या, इंग्रजीपुरत्या सेटिंगवर जातो. ‘लोकेल’ आज्ञेला वजा-ए देऊन सर्व्हरवर काय काय तयार आहे ते बघा. मराठी नसेल आणि तुमच्याकडे ॲडमिनचे अधिकारही नसतील, तर ‘सी-टिंब-यूटीएफ-८’ लावा. आजच्या बहुतेक लिनक्सवर ते असतंच आणि मराठी नावं दिसायला तेवढं पुरतं.

घड्याळ. सर्व्हर सहसा यूटीसीवर चालतात, आणि बहरीन त्याच्या तीन तास पुढे आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडचं केंद्र २०१९ पासून बहरीनमध्येच आहे, पण सर्व्हर शेजारच्या गल्लीत असला तरी त्याचं घड्याळ आपोआप तुमचं होत नाही. ‘टीझेड’ या चलात ‘एशिया, तिरकी रेघ, बहरीन’ लिहा. सर्व्हर इतरांबरोबर वाटून घेतलेला असेल, तर सगळ्या सिस्टिमचं घड्याळ बदलू नका. टीझेड फक्त तुमच्यापुरतं बदलतं. घरी फोन करण्याआधी तिकडची वेळ बघायची असेल, तर डेट या आज्ञेच्या आधी त्याच ओळीत टीझेडला एशिया-कोलकाता द्या. भारत अडीच तास पुढे, म्हणजे तुमचे रात्रीचे नऊ हे आजीचे साडेअकरा. फोन उद्या!

टर्मिनलची जात. ‘टर्म’ हे चल सांगतं की समोर कुठल्या प्रकारचं टर्मिनल आहे. ते सहसा तुमची खिडकी स्वतःच भरते. स्वतः हात लावू नका. चुकलं तर रंग आणि कर्सर वेडेवाकडे होतात.

कुठे लिहायचं?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. शेल दोन तऱ्हांनी सुरू होतं. लॉगिन करून आलात तर ‘लॉगिन शेल’, आणि आधीच आत असताना नवी खिडकी उघडलीत तर साधं शेल. बॅश हे शेल लॉगिनच्या वेळी तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये तीन फाइली क्रमाने शोधतं: टिंब-बॅश-प्रोफाइल, टिंब-बॅश-लॉगिन, टिंब-प्रोफाइल. जी पहिली सापडेल तेवढीच वाचतं. म्हणून तुम्ही तिसरीत सगळं लिहिलंत आणि पहिली आधीच तिथे असली, तर तुमचं लिहिणं वाया. साधं शेल यातलं काहीच वाचत नाही. ते टिंब-बॅश-आरसी वाचतं.

लँग, टीझेड यांसारखी चलं प्रोफाइलमध्ये ‘एक्सपोर्ट’ लावून लिहा. टोपणनावं, रंग वगैरे बॅश-आरसीमध्ये. मॅकवर २०१९ पासून नव्या खात्यांना झी-शेल मिळतं. तिथे याच दोन जागांची नावं टिंब-झेड-प्रोफाइल आणि टिंब-झेड-एसएच-आरसी. शिवाय मॅकचं टर्मिनल प्रत्येक खिडकी लॉगिन शेल म्हणूनच उघडतं.

तीन सावधगिऱ्या. पहिली: बॅश-आरसीमध्ये ‘जय महाराष्ट्र’ छापू नका! दुरून फाइल कॉपी करतानाही ती फाइल वाचली जाते, आणि तुमचं स्वागत डेटाच्या मध्येच घुसून कॉपी मोडतं. हौस असेल तर प्रोफाइलमध्ये छापा. दुसरी: ‘क्रॉन’, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा, तुमची प्रोफाइल वाचतच नाही. रोज रात्री दहाचा बॅकअप लावलात, तर तो सर्व्हरच्या घड्याळाने दहाला होईल, म्हणजे तुमच्या रात्री एकला. आणि त्या स्क्रिप्टला मराठी अक्षरं कळायला हवी असतील, तर लँग स्क्रिप्टमध्येच लिहा. तिसरी, आणि ही कधीच विसरू नका: या फाइली बदलताना चालू असलेली खिडकी बंद करू नका. दुसरी खिडकी उघडून नव्याने लॉगिन करून बघा. तिथे काही अडकलं, तर पहिल्या खिडकीतून दुरुस्त करता येतं. पहिलीही बंद केलीत, तर स्वतःच्याच दाराबाहेर.

आता करून बघायचं असेल तर क्रम असा: आधी नुसतं ‘लोकेल’ चालवून मशीनने तुमच्याबद्दल काय धरलंय ते वाचा. मग प्रोफाइलची एक प्रत ठेवा, लँग आणि टीझेडच्या दोन ओळी लिहा, दुसऱ्या खिडकीतून आत या, आणि फाइलींची यादी पुन्हा मागवा.