गळ्यातले पितळ आणि पोटाची भाकरी

'लांब मानेच्या बायका' म्हणून ज्यांचे फोटो जगभर छापले जातात, त्या कायान जमातीच्या भगिनी. म्यानमारच्या, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाच्या, काया प्रांतात डोंगरात शेती करणारा हा कष्टकरी समाज. फोटोपलीकडची त्यांची हकिगत आपल्या माता-भगिनींना कळावी, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

त्यांच्या गळ्यात आपल्याकडच्या सरीसारखी सुटी कडी नसतात. पितळेची एकच लांब सळई गळ्याभोवती वेटोळी वळवलेली असते. मुलगी पाचेक वर्षांची झाली की पहिले वेटोळे घालतात. ती वाढेल तसे जुने काढून मोठे घालतात. वजन कित्येक किलो भरते. पण मान त्यामुळे वाढत नाही. भाराने गळ्याखालची हाडे आणि बरगड्या खाली दबतात, म्हणून मान लांब भासते. पितळ काढले की मान मोडते, ही तर निव्वळ थाप आहे. काढल्यावर काही दिवस मान दुखते, कातडीवर डाग दिसतात, एवढेच.

कायान बायका याला आपले सौंदर्य आणि आपल्या जमातीची ओळख मानतात. जगाने मात्र त्याचा तमाशा केला. इंग्लंडच्या बर्ट्रम मिल्स सर्कशीने १९३० च्या दशकात या बायकांना तिकीट लावून लोकांपुढे उभे केले.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस लष्कराच्या लढाईला कंटाळून अनेक कायान कुटुंबे सरहद्द ओलांडून थायलंडच्या मे होंग सोन जिल्ह्यात आली. तिथे त्यांची गावेच पर्यटकांसाठी मांडली गेली. गावात शिरायला पैसे. पितळ घालणाऱ्या बाईला महिन्याचा पगार, न घालणारीला नाही. दागिना होता, त्याची नोकरी झाली! मग आई लेकीच्या गळ्यात पितळ घालते ते हौसेने की भाकरीसाठी, हे कोण सांगणार?

२००६ च्या सुमारास काही तरुण मुलींनी पितळ उतरवले. कुणी शिक्षणासाठी, कुणी निषेध म्हणून. २००८ साली आणखी एक गोष्ट जगासमोर आली. काही कायान निर्वासितांना न्यूझीलंडमध्ये आसरा मिळत असूनही थायलंडचे अधिकारी त्यांना देश सोडण्याची परवानगी देत नव्हते. तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेनेही आवाज उठवला.

२०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक थांबले आणि या गावांची कमाईच बुडाली. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, काया प्रांतात पुन्हा लढाई पेटली. म्हणजे मागे परतायलाही वाट सुरक्षित राहिली नाही.

पितळ वाईट की चांगले, हा निवाडा आम्ही करणार नाही. तो त्या भगिनींचा आहे. पण तो करायला हातात शिक्षण हवे, दुसरा रोजगार हवा, हवे तिथे जाण्याची मोकळीक हवी. भगिनींनो, पुन्हा असा फोटो दिसला तर मान किती लांब आहे हे मोजू नका. त्या बाईला पितळ उतरवून पोट भरता येईल का, एवढे स्वतःला विचारा.