उजळलेल्या तंतुकणिकांची साक्ष

पेशीच्या अंतरंगातील ज्या सूक्ष्म घटकांना आपण तंतुकणिका म्हणतो आणि ज्यांच्यावाचून श्वासाने आत घेतलेला प्राणवायू आपल्या पेशींना जवळजवळ निरुपयोगीच ठरला असता, त्यांना रंग घालून पाहण्याची कल्पना आजकालची नव्हे. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी सूत आणि कण या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून 'मायटोकॉन्ड्रिऑन' हे नाव सिद्ध केले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी लिओनोर मायकेलिस यांनी जानस ग्रीन या रंगाने जिवंत पेशींतील तंतुकणिका रंगवून दाखविल्या. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत लान बो चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कामी ऱ्होडामाइन १२३ हा प्रतिदीप्त रंग, म्हणजे एका वर्णाचा प्रकाश शोषून दुसऱ्या वर्णाचा प्रकाश परत देणारा रंग, योजला. आज असे कितीतरी रंग प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत पडून असतात. आणि त्यांच्याबरोबर 'जितकी उजळ तितकी निरोगी' हा समजही विद्यार्थ्यांच्या, व संकोच न धरता सांगायचे तर काही जाणत्यांच्याही, मनात ठाण मांडून बसलेला असतो.

वास्तविक रंगाला प्रकृती कळत नाही. त्याला कळतो तो केवळ विद्युत्‌भार. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या आणि १९७८ मध्ये नोबेल पारितोषिकाने गौरविल्या गेलेल्या उपपत्तीप्रमाणे, अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने तंतुकणिका आपल्या अंतःपटलातून प्रोटॉन बाहेर ढकलते, त्यामुळे तिचा गाभा ऋणभारित होतो, आणि हे प्रोटॉन परत आत शिरताना जे यंत्र फिरवितात त्यातून एटीपी हे पेशीचे शक्तिचलन तयार होते. गाभ्यातील हे ऋण विभवांतर १५० ते १८० मिलिव्होल्टच्या घरात असते. आणि टीएमआरएमसारखा धनभारित रंग दर ६० मिलिव्होल्टला सुमारे दसपट या हिशेबाने आत साचत असल्यामुळे, १८० मिलिव्होल्टला तो पेशीद्रवाच्या सुमारे हजारपट दाट होतो. शिवाय खुद्द पेशीचे बाह्यपटलही ऋणभारित असल्याने रंगाला आधी तो उंबरठा ओलांडावा लागतो. तो उंबरठा बदलला, तर तंतुकणिकेत काहीएक फरक न पडताही उजेडाचा आकडा बदलतो.

आता गच्चीवरील पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली आहे एवढ्यावरून घरात पाणी खेळते आहे असा दाखला कोणी देणार नाही, कारण खालचे सारे नळ बंद असले तरी टाकी भरलेलीच राहते. ऑलिगोमायसिन हे द्रव्य एटीपी घडविणारे यंत्र नेमके असेच बंद पाडते; प्रोटॉनांची परतवाट अडते, विभवांतर वाढते आणि तंतुकणिका पूर्वीपेक्षा अधिक उजळ दिसू लागतात, जरी त्यांची एटीपीनिर्मिती त्या घटकेस थांबलेली असते. उलट, काम वाढल्यामुळे एटीपी भराभर खर्च होऊ लागले, म्हणजे अगदी धडधाकट तंतुकणिकेचेही विभवांतर किंचित उतरते. आणखी नवल असे की, प्रोटॉन बाहेर ढकलणारी श्वसनसाखळी बंद पडलेली तंतुकणिका पेशीद्रवात तयार झालेले एटीपी खर्चून तेच यंत्र उलटे फिरवू शकते आणि उसन्या भांडवलावर आपला उजेड राखू शकते. एखाद्या कर्जबाजारी जहागीरदाराने वाड्यावर रोषणाई करावी, त्यातलाच हा प्रकार.

'विभवांतर ढळले की उजेड मंदावतो' हा दुसरा समजही सरसकट खरा नाही, आणि नवख्याची सर्वांत मोठी फसगत येथेच होते. टीएमआरएम थोड्या नॅनोमोलर प्रमाणात घातला तर हे विधान खरे ठरते. परंतु तोच रंग पुष्कळ अधिक प्रमाणात घातला की गाभ्यात त्याचे कण इतके दाटीवाटीने बसतात की ते एकमेकांची दीप्तीच मारतात, आणि मग विभवांतर कोसळून रंग मोकळ्या पेशीद्रवात सुटला की पेशी क्षणभर अधिकच उजळते. घटना एकच, साक्ष मात्र परस्परविरुद्ध! म्हणून प्रयोगाच्या अखेरीस एफसीसीपीसारखे द्रव्य घालून, म्हणजे प्रोटॉनांना पटलातून मुक्तद्वार देऊन, विभवांतर मुद्दाम शून्यावर आणावे आणि उजेड कोणत्या दिशेने हलतो याची रुजवात घ्यावी. ती न घेतलेला आकडा दप्तरी दाखल करण्याच्या योग्यतेचा नव्हे.

जेसी-१ हा रंग विरळ असता हिरवा व दाट होऊन त्याचे पुंजके जमले असता तांबडा दिसतो, त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर काढले की सारी शंका फिटते असे मानतात. पण पुंजके जमण्यास वेळ लागतो आणि रंगाच्या प्रमाणावरही ते अवलंबून असतात. फॉर्मॅल्डिहाइडने स्थिर केलेल्या, म्हणजेच मेलेल्या पेशीत विभवांतर मोजू पाहणे तर व्यर्थच. सुपरऑक्साइड हे प्राणवायूचे क्रियाशील रूप ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मायटोसॉक्स या रंगाच्या तांबड्या उजेडालाही निखळ सुपरऑक्साइडची साक्ष मानू नये, कारण त्याच्या इतर ऑक्सिडीकरणांतून निघणारे पदार्थही जवळपास तसेच चमकतात.

रंग आत राहिला तरच दिसणार, ही साधी गोष्ट विसरल्याने काय होते याचे उदाहरण अस्थिमज्जेतील रक्त-मूलपेशींचे आहे. मायटोट्रॅकर ग्रीन या रंगात त्या मंद दिसत, म्हणून त्यांच्यात तंतुकणिका थोड्या असाव्यात, असे अनेक वर्षे धरून चालले होते. परंतु या पेशींच्या पटलावर परक्या द्रव्यांना बाहेर काढणारे पंप मोठ्या संख्येने असतात आणि ते रंगालाही बाहेरची वाट दाखवितात. २०१७ मध्ये रंगावर न विसंबणाऱ्या रीतींनी मोजणी केली गेली तेव्हा मूलपेशींत तंतुकणिकांचा साठा कमी नसून उलट भरपूर असल्याचे आढळले. आणि त्याच तपासात असेही दिसले की, साठा एवढा मोठा असूनही त्यांची श्वसनक्षमता मात्र मर्यादितच आहे.