अलकनंदा: विश्वाच्या बालपणातली सर्पिल दीर्घिका

उन्हाळ्यात अमावास्येच्या रात्री येडशीजवळच्या रामलिंगच्या डोंगरातून आकाशात एक दुधाळ पट्टा दिसतो. ती आपली आकाशगंगा, म्हणजेच मंदाकिनी. तिच्यासारखी सर्पिल हातांची सुबक तबकडी घडायला अब्जावधी वर्षे लागतात, असे मानले जात होते. पुण्यात लागलेल्या एका शोधाने या समजुतीला धक्का दिला आहे.

राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत एक सर्पिल दीर्घिका सापडली. त्यांचा शोधनिबंध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मंदाकिनीची बहीण मानल्या जाणाऱ्या हिमालयातील नदीवरून तिला ‘अलकनंदा’ हे नाव दिले गेले.

अलकनंदेचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत आला. म्हणजे ती आपल्याला दिसते तेव्हा विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे होते. वाटेतल्या ‘एबेल २७४४’ या दीर्घिकासमूहाचे गुरुत्वाकर्षण भिंगासारखे काम करते, त्यामुळे ती अधिक तेजस्वी दिसते.

तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे आहे. मध्यभागाभोवती दोन ठळक सर्पिल हात आहेत. ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे १० अब्ज पट भरते. दरवर्षी सुमारे ६० सूर्यांइतके नवे तारे तिथे जन्मतात. हा वेग आजच्या आकाशगंगेच्या वीस ते तीस पट आहे.

इतक्या लवकर हे हात कसे घडले? थंड वायू संथपणे जमत गेल्याने की शेजारच्या लहान दीर्घिकेच्या ओढीने? तिच्यातील वायूचा वेग मोजल्यावरच याचा उलगडा होईल.