गोष्टीतल्या बाईकडून आपण काय शिकतो?

आम्ही कॉलेजात मराठी विषय घेऊन शिकतो. अभ्यासाला कादंबऱ्या असतात, त्यामुळे घरीही हातात पुस्तक असतं. ते दिसलं की एक प्रश्न हमखास येतो, "गोष्टीची पुस्तकं वाचून काय भेटते वं पोरी?"

प्रश्न रास्त आहे. दिवसभर वावरात कापूस वेचून, घरी येऊन पुन्हा चूल पेटवणाऱ्या बाईला तो पडणारच. म्हणून आज आम्ही त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला बसलो आहोत. चार कादंबऱ्यांबद्दल बोलू. चारही आपल्या मराठीतल्या आहेत, आणि त्यातल्या दोन तर आपल्याच विदर्भातल्या आहेत.

आधी कादंबरी म्हणजे काय ते सांगतो. कादंबरी म्हणजे लांब गोष्ट. हे नाव बाणभट्टाच्या जुन्या संस्कृत ग्रंथावरून आलं. त्या ग्रंथाच्या नायिकेचं नाव कादंबरी. मराठीनं तेच नाव सगळ्या लांब गोष्टींना दिलं. मराठीतली पहिली कादंबरी १८५७ साली छापली गेली. बाबा पदमनजींनी लिहिलेल्या त्या पुस्तकाचं नाव 'यमुनापर्यटन'. त्यात यमुना नावाची बाई नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांची दैना बघते. म्हणजे मराठी कादंबरीची सुरुवातच बाईच्या दुःखापासून झाली.

आता शिकण्याचं बघू. सुविचार आपण भिंतीवर वाचतो. 'कर्ज काढू नये', 'कष्टाचं फळ गोड'. वाचतो आणि विसरतो. कादंबरी असं एका ओळीत काही सांगत नाही. ती एका घरात आपल्याला वर्षानुवर्षं राहायला लावते. पहिल्यांदा काय घडलं, मग कोण गप्प बसलं, मग कोणी हट्ट केला, आणि शेवटी भोगावं कुणाला लागलं, ही सगळी साखळी दिसते. साखळी दिसली की कोणती कडी आधी तोडता आली असती, हेही कळतं. शिकणं म्हणतात ते एवढंच.

पहिली गोष्ट यमूची. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी थोडी थोडी छापली. यमू आपली कहाणी स्वतः सांगते. तिचा नवरा रघुनाथराव चांगला माणूस आहे. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, आपल्याबरोबर मुंबईला नेतो. पण तो अकाली जातो. यमू पुन्हा सासरच्या माणसांच्या हातात येते आणि तिचं केशवपन होतं, म्हणजे डोक्यावरचे केस बळजबरीनं काढले जातात.

वाचताना आम्हाला एक गोष्ट टोचली. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. म्हणजे यमूची गोष्ट छापायला लागली तेव्हा कायद्याला चौतीस वर्षं झाली होती. मग तो तिच्या कामी का आला नाही? कारण तिच्या बाजूनं उभं राहून तो कायदा बोलून दाखवणारं माणूस त्या घरात नव्हतं. नवरा चांगला होता, पण तिचं सगळं सुख त्या एका माणसावर टेकलेलं होतं. तो गेला आणि सगळं गेलं. यमूकडून आम्ही हे घेतलं की एका चांगल्या माणसाच्या आधारावर बाईनं निर्धास्त राहू नये. तिच्या मागे चार बाया हव्यात, हातात कागद हवा, आणि कागदावर काय लिहिलंय ते तिला माहीत हवं.

ही जुनी गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. केशवपन गेलं हे खरं. पण नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, हळदीकुंकवाला न बोलावणं हे अजून आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. आणि आपल्या जिल्ह्याची आठवण तर ताजी आहे. ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. त्या राजूर गावच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. मोठमोठे लेखक समोर बसलेले आणि उद्घाटनाला शेतातली बाई. यमूच्या वेळी तिची कहाणी लेखकानं लिहावी लागली. इथे बाई स्वतः माइकसमोर उभी राहिली.

दुसरी गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ती फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढली. पुस्तक निघालं १९३५ साली. ती त्यांच्या स्वतःच्या लहानपणावर लिहिलेली आहे. आई म्हटलं की आपल्याला तिचे संस्कार आठवतात, आणि पाय मळू नयेत म्हणून जपतोस तसं मनालाही जप, असं लेकराला सांगणारी माय आठवते.

पण पुन्हा वाचलं तेव्हा आम्हाला त्यात दुसरीच गोष्ट दिसली, ती कर्जाची. घर खातंपितं होतं. कर्ज वाढत जातं. जमिनीचा तुकडा विकून कर्ज फेडून टाकू, असं आई सांगत असते. वडील वाईट नाहीत, पण तिचं ऐकलं जात नाही. मग सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो आणि जप्ती येते. हिशोब कळत होता तो बाईला, आणि निर्णय घ्यायचा अधिकार मात्र तिला नव्हता.

हा हिशोब आपल्या गटातल्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असतो. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे शंभराला वर्षाचे चोवीस रुपये. शेकडा पाच म्हणजे साठ. दहा हजार घेतले तर वर्षाला सहा हजार रुपये नुसतं व्याज, मुद्दल तसंच उभं. खरिपाला बियाण्यासाठी असं कर्ज घेतलं आणि बोंडअळी आली तर पुढचं सांगायला नको. श्यामच्या आईकडून आम्ही शिकलो ते हे, की कर्ज लहान असतानाच त्याबद्दल घरात बोलावं लागतं, आणि बाईचं बोलणं कानावर घ्यायचं तर सातबारावर तिचं नाव असलेलं बरं. म्हणूनच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला होता. त्यात नवऱ्यांनी आपल्या राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला.

तिसरी गोष्ट कौतिकची. उद्धव शेळके हे अमरावतीकडचे लेखक. त्यांची 'धग' कादंबरी १९६० साली आली. त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, अगदी आपल्या ओसरीवर बसून बोलावं तशी. आम्ही ती मोठ्यानं वाचली तेव्हा न शिकलेल्या आज्यासुद्धा जवळ येऊन बसल्या. पुस्तकात आपली बोली असते, हेच त्यांना नवल वाटलं.

कौतिक शिंप्याच्या घरची. नवरा महादेव कामाला आळशी. पोरांच्या पोटासाठी ती राबते. मिळेल त्या रोजीनं जाते, एक संकट निवारलं की दुसरं येतं, तरी पुन्हा पदर खोचते. पोरानं शिकावं ही तिची आस. अशी बाई पाहिली की आपण म्हणतो, "वाघीण हाय." पण गोष्टीचा शेवट गोड नाही. सगळं ओझं एकटीनं वाहून वाहून शेवटी तिचं मन कोसळतं.

इथे आमच्यात वाद झाला. काही मुली म्हणाल्या, कष्ट करावेत हा या पुस्तकाचा धडा. बाकीच्या म्हणाल्या, कष्ट तर तिनं केलेच, तिच्यापेक्षा जास्त कोण करणार? मग असं का झालं? शेवटी आम्ही ज्यावर आलो ते सांगतो. बाई सोसते म्हणून तिला वाघीण म्हणणं सोपं आहे. तसं म्हटलं की तिच्या डोक्यावरचा भारा उतरवायची जबाबदारी कुणावरच राहत नाही. कौतिकला शाबासकी नको होती, भाऱ्याला दुसरा हात हवा होता. आपल्या गटात सगळ्यांत गप्प, सगळ्यांत कष्टाळू, कधीच काही न मागणारी जी बाई आहे, तिला एकदा विचारा, "झोप येते का वं? जेवण जाते का?" हे विचारायचं शहाणपण आम्हाला 'धग'नं दिलं.

चौथी गोष्ट 'बारोमास'. सदानंद देशमुख हे बुलढाणा जिल्ह्यातले लेखक. या कादंबरीला २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला शेतकऱ्याचा मुलगा. नोकरी मिळत नाही आणि शेती पुरत नाही. त्याची बायको अलका, तीही शिकलेली. तिनं वेगळ्या संसाराचं स्वप्न पाहिलेलं. घरात रोज पैशाची ओढाताण, त्यातून टोमणे, त्यातून नवरा-बायकोत अंतर.

वाचताना आधी आम्हाला अलकाचा राग आला. मग तिच्या बाजूनं वाचलं तेव्हा एकनाथचा आला. मग सासूच्या बाजूनं वाचलं. तेव्हा कळलं की घरातली सगळीच माणसं एका बाहेरच्या गोष्टीशी लढतायत. पाऊस नाही, भाव नाही, नोकरी नाही. पण त्या गोष्टींना हात पोचत नाही, म्हणून ती एकमेकांशी भांडतात. आपल्याकडे सून टिकली नाही की सुनेला नावं ठेवतात, किंवा सासूला. 'बारोमास' वाचल्यावर दोघींपैकी कुणालाही पटकन नाव ठेवता येत नाही.

आता तुमच्या गटासाठी. बैठकीत स्वतःच्या घरचं बोलणं अवघड असतं. "आमचे हे पितात", "सावकाराचे पैसे अंगावर आहेत" हे चारचौघींत तोंडातून निघत नाही. गावातल्या दुसऱ्या बाईचं बोललं तर ती चहाडी होते. पण कौतिकबद्दल, यमूबद्दल कितीही बोललं तरी कुणाची बदनामी होत नाही. बोलता बोलता ज्या बाईला बोलायचं असतं ती हळूच म्हणते, "असंच आहे बरं." तिथून खरं बोलणं सुरू होतं.

पद्धत सोपी आहे. महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास ठेवायचा. जिला वाचता येतं तिनं आठ-दहा पानं मोठ्यानं वाचायची, बाकीच्यांनी ऐकायचं. शाळेतल्या मुलीनं वाचलं तर तिलाही सराव होईल. सुरुवात 'श्यामची आई'पासून करा. त्यात प्रत्येक प्रकरण एक 'रात्र' आहे, म्हणून एका बैठकीत एक सहज संपतं. वाचून झालं की तीन प्रश्न घ्यायचे. या बाईवर हे संकट कुठून सुरू झालं? कुणी, केव्हा, काय केलं असतं तर ते टळलं असतं? आणि तसं आपल्या गावात आज करता येईल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बैठकीच्या वहीत लिहून ठेवा.

एक सावधगिरीही सांगतो. पुस्तकात लिहिलं म्हणून सगळंच घ्यायचं नसतं. जुन्या गोष्टींत सोसणाऱ्या बाईची फार स्तुती असते. तिथे थांबायचं आणि विचारायचं, ही स्तुती कुणाच्या सोयीची आहे? तांदूळ निवडतो तसं वाचायचं. खडा लागला म्हणून कुणी तांदूळ फेकून देत नाही.

पुस्तकं कुठून आणायची? महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याप्रमाणे मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि सरकारी अनुदान मिळतं. जवळच्या वाचनालयात गटातल्या एकीच्या नावानं वर्गणी भरली तरी सगळ्यांचं काम भागतं. 'श्यामची आई' आणि 'पण लक्षात कोण घेतो!' यांचे लेखक जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांच्या स्वस्त आवृत्त्या सगळीकडे मिळतात. शाळेच्या कपाटातही 'श्यामची आई' असतेच. गुरुजींना किंवा बाईंना विचारा.

तर मावशी, काकू, येत्या बैठकीला एक पुस्तक घेऊन जा. वाचणारी कुणी नसेल तर आम्हा मुलींना हाक मारा. कापसाची वेचणी उरकली की संध्याकाळी आम्ही येऊ.