कॅसेट जुनी, फोन नवा

नव्वदच्या दशकात सीताबर्डीच्या बाजारातून आणलेला टीव्ही-गेम अडला की कॅसेट काढून फुंकर मारायची. खरं तर फरक पडायचा तो कॅसेट पुन्हा नीट बसवल्याने! त्यातले कितीतरी डबे १९८३ च्या जपानी ‘फॅमिकॉम’ची नक्कल होते. त्या डब्यांवरचा मारिओ आज फोनवर कसा पळतो?

कॅसेटमधल्या आज्ञा फॅमिकॉमच्या प्रोसेसरच्या भाषेत असतात. फोनला ती येत नाही. एम्युलेटर हा दुभाषी. तो एकेक आज्ञा वाचून फोनकडून तेच काम करवून घेतो. मूळ प्रोसेसरचे सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके, शिवाय चित्र आणि आवाजाच्या चिप्स, सगळ्यांचा मेळ साधत.

असे अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या ‘रेट्रोआर्क’ अ‍ॅपमध्ये यंत्रागणिक एम्युलेटर, म्हणजे ‘कोअर’, बहुधा वेगळा. प्लेस्टेशनच्या कोअरला बहुधा बायोसची, म्हणजे मूळ यंत्रातल्या अंगभूत सॉफ्टवेअरची, फाइलही लागते. ती नसली की अनेकदा गेम सुरूच होत नाही आणि पोरं उगाच फोनला दोष देतात.