झुम्ब्यात कोण मारतं गं?

माझ्या रूममेटने सेकंड इयरला बॉक्सिंग लावलं आणि घरी सांगितलं, झुम्बा. दोन महिने खपलं. दिवाळीला घरी गेली तेव्हा डोळ्याखालचा काळानिळा डाग बघून आई म्हणाली, ‘झुम्ब्यात कोण मारतं गं?’

मग व्हायचं ते झालं. नाक मोडलं तर? लग्न कोण करणार? तिचा भाऊ हेल्मेट न घालता हायवेवर बाइक पळवतो, त्याच्या नाकाचा विषय घरात अजून निघालेला नाही.

ही काळजी एकट्या तिच्या आईची नाही. निजामाबादची निखत झरीन पहिल्यांदा तोंड सुजवून घरी आली, तेव्हा तिच्या आईलाही हीच धास्ती वाटली होती. पुढे निखत २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड चॅम्पियन झाली. मेरी कोमने तर बॉक्सिंग घरी लपवूनच ठेवलं होतं. वडिलांना कळलं ते पेपरातल्या फोटोवरून!

बरं, आपल्याला अशा खेळांचं वावडं आहे म्हणावं, तर तसंही नाही. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आजही खासबाग मैदानाचं नाव अभिमानाने घेतात. जत्रेतल्या फडाला अख्खं गाव लोटतं, पैलवानाच्या डोक्यावर फेटा चढतो, ‘दंगल’ बघताना थिएटरात शिट्ट्या पडतात. फक्त पैलवान दुसऱ्याच्या घरचा हवा. आपल्या पोराने आधी सीईटी द्यावी. कुस्तीला निदान लाल माती, वस्ताद आणि हनुमान यांचा आधार असतो. बॉक्सिंग, ज्युदोला तोही नाही. ती सरळ ‘मारामारी’.

याला एक जबरदस्त अपवाद आहे आणि तो कॉलेजातलाच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मातीतला हा पैलवान मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं आणि खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. गावाने मिरवणूक काढली, प्राचार्यांनी घर पणाला लावलं, पण सरकारदरबारी मात्र सगळं निवांत. आपल्या कॉलेजात जिमखान्याची फी दरवर्षी भरतो आपण. ती जाते कुठे, कधी विचारलंय?

मुलींचा हिशेब तर आणखी उशिराचा. महाराष्ट्र केसरी सुरू झाली १९६१ मध्ये. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली थेट २०२३ मध्ये, सांगलीत. जिंकली सांगलीचीच प्रतीक्षा बागडी. मधली ६२ वर्षं मुली काय करत होत्या? बहुतेक झुम्बा.

रूममेटचं बॉक्सिंग सुरू आहे. घरच्यांनी ‘हो’ म्हटलेलं नाही, ‘नाही’ म्हणायचं थांबवलंय. पहाटे साडेपाचला ती हँडरॅप गुंडाळत बसते, माझी झोपमोड होते. रात्री आईचा फोन येतो. आधी ‘जेवलीस का?’, मग थोडं थांबून, ‘नाक बरंय ना?’